हळदीचा डाग

कुंडल
२० जानेवारी १९४५

दादाला राहीचा पायाला हात लावून नमस्कार.

पत्रात आदी खुशाली लिवायची असती असं मास्तरांनी तिसरीत शिकवलं हुतं, म्हनून लिवते. हितं समदं बरं हाय. तिसरीच्या म्होरं काय शिकवत्यात ते मला ठावं न्हाई, तवा चुकलं तर हसू नगंस. आई गेल्यावर चुलीपुढं बसले ते बसलेच.

तुजं पार्सल संक्रांतीच्या आदल्या दिशी आलं. आबा दारातच खुर्चीवर बसलं हुतं. ज्या सायबाकडं वीस वरीस चाकरी केली, त्यानं जाताना दिल्याली तीच वेताची खुर्ची. आता दिसभर तितंच असत्यात. पोष्टमन म्हनला, "हवालदार, जबलपूरचं हाय." आबांनी हात म्होरं केला न्हाई. मी घेटलं.

आबा म्हनलं, "कुनाचं?"

मी म्हनलं, "तुमच्या ल्योकाचं."

"मला ल्योक न्हाई."

पोष्टमन म्हनला, "मग माघारी धाडू?"

आबा म्हनलं, "आलंय ते आलंय. सरकारची तिकिटं फुकट घालवायची व्हय?"

मग मी फडक्याची शिवन उसवली. बिस्कुटाचा पत्र्याचा डबा, मैद्याची पिशवी, आन गुडघ्याच्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली. चिठ्ठी हाय का म्हनून मी मैद्यातबी हात घालून बघितला. चिठ्ठी नव्हती. आबा दुसरीकडं बघत हुतं, पन कान हिकडंच हुतं.

तू गेलास त्या दिशी काय बोललास ते मी इसरले न्हाई. पांचगणीच्या दुसऱ्या सायबाकडं आर्डली म्हनून जा, असं आबा म्हनलं, आन तू म्हनलास, सायबाची उष्टी खाऊन तुमी प्वाट वाढवलं, मी उष्टी ताटं उचलनार न्हाई. आबांनी तुला आडावर समद्यांच्या म्होरं मारलं. मग तू म्हनलास, तुमच्या मयतालाबी येनार न्हाई. त्या दिसापासनं आबांनी तुजं नाव घेटलं न्हाई.

पन दादा, त्यांनी डबा खुर्चीखाली ठिवलाय. सकाळी च्यात चार, सांजच्याला चार. मलाबी देत न्हाईत. आन पार्सलचं फडकं, ज्यावर तू शाईनं पत्ता घाटला हुतास, ते दुखऱ्या गुडघ्याला बांधलंय. अक्षर आतल्या अंगाला.

मी दोन दिस धुनं वड्यावर न्हेलं, आडावर न्हाई. आडावर बाया लय बोलत्यात.

राही


कुंडल
१४ मार्च १९४५

दादाला नमस्कार. खुशाली हाय.

दुसरं पार्सल पोचलं. आबा आता भाकरीला हातबी लावत न्हाईत. तू असताना निदान आमटीत कुस्करून खायचं. आता म्हनत्यात, "भाकरी ही गुरांची वैरन. मी वीस वरीस पाव खाल्लाय." शेजारच्या हरणाकाकूचा नवरा कृष्णातकाका बाजारच्या दिशी सांगलीहून पाव आनतो. मैद्याची रोटी मी करते, तुज्या डब्यातली बिस्कुटं, आन वर पांढरा भात. भाजी म्हनलं तर शेंग चोखून टाकत्यात. लोक येत्यात, बघत्यात, आन म्हनत्यात, हवालदाराचा थाट हाय गड्या. आबास्नी ते आवडतं. ल्योक मिल्ट्रीतनं धाडतोय असं कोन म्हनलं तर नुसतं चिरूट ओढत्यात.

वजन लय वाढलंय. खुर्ची करकरती. रानाकडं जाऊन म्हयना झाला. तीन तीन दिस परसाकडं जात न्हाईत, आन गेलं की लय येळ लागतो. हे तुला लिवायला लाज वाटती, पन दुसरं कोन हाय मला?

ह्या दिसांत हळदीची धामधूम हाय. हळद शिजवायच्या कायली पेटल्यात, समद्या गावाला वास. बायांची लुगडी पिवळी, आन साबन लावला की ते डाग लाल हुत्यात, तुला ठावं हाय. परवा मी वड्यावर आबांचं धोतार धूत हुते. हरणाकाकू मागनं आली. म्हनली, "राहे, रगात कशाचं गं?"

मी म्हनलं, "हळद हाय काकू. साबनानं लाल झाली."

काकू म्हनली, "आमच्यात बी तेच. गड्यांस्नी काय, पुसत्यात कुटंबी." आन गेली.

एक गोष्ट हाय ती लिवायची न्हाई. आबांनी खंडोबाच्या म्होरचा बेल आन भंडार माज्या हातावर ठिवला आन शपत घ्यायला लावली. कशाची ते बी लिवायचं न्हाई. ते म्हनलं, "बोललीस तर माजं मढं बघशील." मी घेटली शपत. भंडार हाताला दोन दिस ऱ्हायला.

गोळ्या आबा दिसाला चार घेत्यात. मागं दोन घेत हुतं. गुडघा ऱ्हातो म्हनत्यात.

राही


कुंडल
३ जून १९४५

दादाला नमस्कार.

खुशाली. हितवर लिवलं आन पेन्शील थांबली. तरी लिवते, खुशाली.

हरणाकाकूनं मला परत वड्यावर गाठलं. तिनं धोतार माज्या हातातनं घेटलं, वास घेटला, आन म्हनली, "हळदीचा मोसम सरून दोन म्हयनं झालं की गं."

मी म्हनलं, "जुना डाग हाय."

"जुना डाग वला असतो व्हय?"

तुला ठावं हाय, चारचौघांत माजं त्वांडच उघडत न्हाई, आन आता तर उघडायची चोरी. काकूनं धोतार पिळून दिलं. जाताना म्हनली, "तुज्या वयात मीबी लय गप्प हुते पोरी. त्यानं काय बरं झालं न्हाई."

मग मी कोंडीबा वैदूकडं गेले. माज्या मामाला हाय म्हनून सांगितलं. खोटंच. त्यानं इचारलं दुखतंय का, मी म्हनलं दुखत न्हाई, एकदम येतंय आन आपलं आपून थांबतंय. त्यो म्हनला, मूळव्याध. भुकटी दिली आन म्हनला, मामाला भाकरी, कोंडा, शेंगा काय देऊ नगंस, आतनं कापतंय. मऊ मऊ घाल.

म्हनून मी आता आनखी मऊ करते. पाव च्यात भिजवून, भाताची पेज. पीठ वस्त्रगाळ करून घेते, वरचा कोंडा म्हशीला. आबा म्हनलं, "आता कशी सायबाच्या घरची सुगरण झालीस." मला बरं वाटलं. आबा कवा कुनाला असं म्हनत न्हाईत.

एक मागनं हाय. गोळ्या सरत आल्यात. आबा मागायचं न्हाईत, पन बाटली कानाशी धरून हलवत्यात आन परत खाली ठिवत्यात. जमलं तर मोठी बाटली धाड.

तू चिठ्ठी का लिवत न्हाईस? पत्त्यावर तुजं अक्षर दिसतं तेवढंच. आबांच्या दोनी गुडघ्यांस्नी आता तुजीच फडकी हायती.

राही


कुंडल
२८ ऑगस्ट १९४५

दादा,

खुशालीची ओळ ह्या खेपेला म्होरं लिवते, जमलं तर.

लढाई सरली म्हनून गावात साखर वाटली त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी आबा परसाकडं गेलं ते येईनात. मी गेले. भिंतीला टेकून बसलं हुतं, तांब्या कलंडल्याला. त्वांड चुन्यावानी पांढरं. मी काय बघितलं ते लिवत न्हाई. भुई वली हुती एवढंच लिवते.

आबा म्हनलं, "शपत हाय तुला."

मी म्हनलं, "व्हय आबा," आन हरणाकाकूच्या दारात जाऊन समदं सांगितलं. जानेवारीपासनंचं. काकूनं मला शिवी दिली न्हाई. तिनं नवऱ्याला हाक मारली, "आवं, गाडी जुपा." टेसनापातूर गाडी, तितनं आगगाडीनं सांगली. आबा डब्यात आडवं, आन माज्याकडं बघत न्हवतं.

डाक्टर म्हातारं हायती, चिंतामण नावाचं. विलायतेला शिकल्यालं. त्यांनी मला इचारलं, काय झालं, कवापासनं. बापय मानसापुढं मला ते शबूद उच्चारता येईनात. मग तुला धाडायचं म्हनून कमरेला एक कार्ड हुतं, त्याच्यावर समदं लिवून दिलं. त्यांनी दोन डाव वाचलं. म्हनलं, "जानेवारीत एकदा, मार्चात, मेमध्ये, आणि आता. दुखत नाही, आपोआप थांबतं. बाळ, एवढं नीट मला शिकलेली माणसंही सांगत नाहीत." मग हळू म्हनलं, "पण आठ महिने उशिरा."

सलाईनची बाटली लावली. दोन दिसांनी खडूवानी पांढरं पानी मागल्या बाजूनं पोटात सोडून फोटू काढला. फोटू उजेडात धरून मला दाखवला. आतडं वळसं घेत गेल्यालं, आन त्याच्या अंगाला द्राक्षाच्या घडावानी बारके बारके गोळे लटकल्यालं.

डाक्टर म्हनलं, "सायकलचा टायर झिजला की आतली ट्यूब फुगून बाहेर येते, पाहिलंयस? तसं झालंय. ही मूळव्याध नव्हे. आतड्याला पिशव्या आल्यात. त्यातली एखादी शीर उघडी पडली की रक्त."

हरणाकाकू म्हनली, "करनी बिरनी न्हाई न्हवं कुनाची?"

"नाही हो बाई. विलायतेत मी सात वर्षं होतो. साठीच्या पुढचं माणूस मेल्यावर उघडलं, की तिघाचौघांत एकाच्या पोटात ह्या असायच्याच. मेलेले असायचे दुसऱ्याच कशानं. जन्मभर त्यांना पत्ता नव्हता. दहांतल्या आठ-नऊ जणांना काहीसुद्धा होत नाही."

मी इचारलं, "आन बाकीच्यांस्नी?"

त्यांनी फोटू खाली ठिवला. म्हनलं, "इथं वीस वर्षांत भाकरी खाणाऱ्या माणसांत मी चार पाहिले. हवालदार पाचवे. त्या चारांत दोघे बंगल्यावरचे खानसामे. तुम्ही काय खाता हवालदार?"

आबा एकदम ताठ झालं आन म्हनलं, "सायबाचं खानं."

डाक्टरांनी एकेक काढून घेटलं. पाव किती, बसून किती, चिरूट किती. आबा फुशारकीनं सांगत हुतं आन डाक्टर मान हलवत हुतं. ते म्हनलं, कोंडा न्हाई, शेंग न्हाई, त्यानं मळ सुका हुतो, मग आतडं जोर लावतं, आन वयानं झिजल्याल्या जागी फुगतं. वजनानं, बसून ऱ्हाऊन, तंबाकूच्या धुरानं आनखी भर. म्हनलं, "पुस्तकात अजून लिहिलेलं आहे, अशा माणसाला मऊच द्या. मला पटत नाही. मी पुस्तकं पाहिली तशी पोटंही पाहिली आहेत. पोरी, हळूहळू भाकरीवर आण."

दादा, मी वस्त्रगाळ पीठ करत हुते.

मग आबांच्या कोपरीच्या खिशातनं बाटली वाजली. डाक्टरांनी काढली, वास घेटला, एक गोळी जिभेला लावली. त्यांचा आवाज बदलला. "ह्या दिवसाला किती?"

मी बोटं दाखवली. सा.

"सहा? ह्यांनी रक्त पातळ पडतं, थांबता थांबत नाही. आतून वाहत असताना वरून सहा गोळ्या. कोणी दिल्या ह्या?"

मी खाली बघितलं. मी म्हननार हुते, दुकानातनं. त्वांड उघडलं बी हुतं.

खाटंवरनं आबा म्हनलं, "माज्या ल्योकानं धाडल्यात. मिल्ट्रीत हाय त्यो."

दोन वरसांत पैल्यांदा. ते असं म्हनलं जसं काय डाक्टर बक्षीस देनार हाय.

डाक्टरांनी बाटली टेबलावर ठिवली. "आता बंद. आणि ती बिस्किटंही."

आबा म्हनलं, "त्यानं धाडल्यालं मी कसं टाकू?"

हरणाकाकू पदर डोळ्याला लावून भायर गेली.

दादा, तू चांगल्यासाठीच धाडत हुतास. मोठी बाटली मी मागवली. हे पत्र मी चार डाव लिवलं, तीन डाव फाडलं. त्या तिनांत गोळ्यांची गोष्ट लिवली नव्हती.

रगात थांबलंय. खुशालीची ओळ एवढीच.

राही


कुंडल
१६ सप्टेंबर १९४५

दादा,

आमी घरी आलो. मोठी बाटलीबी आली, नवा डबाबी. माजं ऑगस्टचं पत्र तुला मिळायच्या आदीच तू धाडलं असशील. गोळ्या मी उकिरड्यात पुरल्या. कोंबड्यांनी उकरू न्हाई म्हनून वर धोंडा ठिवला.

डब्याचं काय करायचं ते कळंना. आबा दिसातनं दहा डाव म्हनत्यात, "आकारामचं पार्सल आलं न्हाई का गं?" तुजं नाव घेत्यात आता. आवाज लय बारीक झालाय.

मग मी एक केलं. बिस्कुटं म्हशीला घाटली. जुंदळ्याची पातळ भाकरी केली, तव्यावर खरपूस करून बारके तुकडे केलं, आन डब्यात भरलं. कोंड्यासकट. डबा आबांच्या मांडीवर ठिवला आन म्हनलं, "दादानं धाडलंय. मिल्ट्रीत आता असलीच बिस्कुटं निघाल्यात."

आबांनी झाकन उघडलं. एक तुकडा उचलला, उलटा सुलटा केला. त्यांनी त्यो च्यात बुडवला आन खाल्ला. लय येळ चावत हुतं.

मग म्हनलं, "आकारामच्या हाताला तुज्या आईचा गुन हाय."

आन दुसरा घेटला.

आता रोज खात्यात. कवा पालेभाजी, कवा हुलग्याचं माडगं, समदं मिल्ट्रीचंच म्हनून. दारापासनं आडापातूर चालत्यात, माज्या खांद्यावर हात ठिवून. चिरूट दोनावर आलाय. परवा हरणाकाकू म्हनली, "हवालदार, भाकरी खाताय व्हय?" आबा म्हनलं, "भाकरी न्हवं बाई, बिस्कुट हाय. तुमास्नी न्हाई कळायचं."

पन डाक्टरांनी एक सांगून ठिवलंय ते तुला लिवायचं ऱ्हायलं. त्या पिशव्या आता जायच्या न्हाईत. खान्यानं नव्या हुयाच्या थांबतील, जुन्या हायती तितं हायती. म्हनलं, रगात आलं तर या. पन डाव्या अंगाला खाली दुखाय लागलं आन अंगात ताप आला, तर सांज बघू नका, सकाळ बघू नका. आत फुटली तर हात टेकायचं.

आन दादा, त्यांनी इचारलं हुतं, ल्योकाचं वय काय. म्हनलं, कवाकवा घरात चालतंय हे. तूबी तसलंच खातूस न्हवं? भाजी खात जा.

मी रोज सकाळी आबांच्या कपाळाला हात लावते. ते म्हनत्यात, "काय गं, काय बघतीस?" मी म्हनते, "काय न्हाई, माशी हुती."

तुला रजा किती दिसांनी मिळती?

राही


टेसनावर
३ ऑक्टोबर १९४५

दादा,

हे बाकावर बसून लिवते. कृष्णातकाका तिकिटं काढाय गेलाय. गाडीला अजून येळ हाय.

काल सांजच्याला डबा उघडला न्हाई. मी म्हनलं, आबा, बिस्कुटं. ते म्हनलं, ठिव तितं. हात डाव्या कुशीवर हुता. मी इचारलं दुखतंय का. म्हनलं, "न्हाई." मी कपाळाला हात लावला, तर चटका बसला. आबांनी डोळं मिटून घेटलं आन म्हनलं, "माशी हुती व्हय?"

ह्या डावाला शपत घालायचं त्यास्नी सुचलं न्हाई. सुचलं असतं तरी मी घेटली नसती.

प्वाट फळीवानी ताठ झालंय. गाडीचा दनका बसला की वटं चावत्यात. आता हरणाकाकूच्या मांडीवर डोकं ठिवून पडल्यात. गुडघ्याची फडकी सोडली न्हाईत. मी सोडाय गेले, तर माजा हात धरला. मग मी एक उलटं करून बांधलं, अक्षर वरच्या अंगाला. त्यावर बोट फिरवत्यात. वाचता येत न्हाई त्यास्नी, तुला ठावंच हाय. म्हनलं, "ह्यात काय लिवलंय गं?"

त्यात आबांचंच नाव हाय, गावाचं नाव, आन टेसन. पन मी म्हनलं, "येतो म्हनून लिवलंय."

ते म्हनलं, "कवा?"

घंटा झाली. पोष्टाची पेटी फलाटाच्या टोकाला हाय, मला पळावं लागंल.

दादा, तू म्हनला हुतास मयताला येनार न्हाई. मयताला नगंच येऊस. त्याच्या आदी ये.

राही